सड्यावरच्या नोंदी ऑनलाइन टाकाव्यात का? कुठे, कशा आणि किती?

कातळवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय लांबलचक आहे, तरी शेवटपर्यंत वाचा आणि सल्ला द्या ही विनंती.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, वाडीच्या वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. आठ महिने काळा, तापलेला कातळ. मिरग लागला की आठवडाभरात खाचांमधून हिरवं डोकावतं, मग फुलं, बेडूक, चतुर, सगळंच. २०१८ पासून दर रविवारी सकाळी वर जाते आणि दिसेल ते वहीत लिहिते. दोनशे पानी चार वह्या भरल्यात. तारीख नेहमी टाकते. जागा मात्र आमच्या भाषेत: 'गुरवाच्या गडग्यापलीकडे', 'वरची तळी', 'जोडशिळांची खाच'. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकते.

गेल्या वर्षी पेपरात सूचना आली. सड्याच्या एका भागावर बॉक्साइटची खाण, त्याची पर्यावरणविषयक जनसुनावणी. ग्रामपंचायतीत अहवालाचा मराठी सारांश मिळाला, पूर्ण अहवाल जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन वाचला. जैवविविधतेच्या प्रकरणात लिहिलं होतं की क्षेत्र पडीक आहे, विरळ गवत आहे, संकटग्रस्त प्रजाती आढळल्या नाहीत. पाहणी केली होती फेब्रुवारी-मार्चमध्ये! फेब्रुवारीत आमच्या सड्यावर दीपकाडी कुठून दिसणार? तिचा कांदा तेव्हा कातळाच्या खाचेत, चिमूटभर मातीखाली झोपलेला असतो. पहिल्या पावसानंतर दांडा येतो आणि पांढरी फुलं लागतात. ही कोकण दीपकाडी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सड्यांवर आढळते, जगात इतरत्र नाही.

सुनावणीत मी वही घेऊन उभी राहिले. अहवाल करणाऱ्यांच्या माणसाने अगदी सौजन्याने विचारलं, "मॅडम, याची प्रकाशित नोंद आहे का? अक्षांश-रेखांश?" माझ्याकडे होतं 'गुरवाच्या गडग्यापासून पन्नास पावलं'. इतिवृत्तात एक ओळ आली: स्थानिक महिलेने फुलांबाबत मुद्दा मांडला. एवढंच. त्या रात्री झोप लागली नाही.

तर प्रश्न असे. या वह्या ऑनलाइन कुठे टाकू? जुन्या नोंदी चालतात का? आणि ज्याची खरी भीती वाटते ते: जागा उघड केली आणि कुणी दीपकाडीचे कांदे उकरून नेले, किंवा दगडाखालच्या पाली पकडून विकल्या, तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर.

---

रानजाई

वाचतेय. आमच्याकडे कोल्हापूरच्या पठारांवर हेच चालू आहे. जाणकारांनी सविस्तर लिहा.

---

आकडेकर

कातळवेडी, आधी तुमच्या चार वह्यांना नमस्कार. सात वर्षं एकाच जागी दर रविवारी जाणारी माणसं फार थोडी असतात. हा साठा वाया जाऊ द्यायचा नाही.

मी पुण्यात आकडेवारीचं काम करतो आणि फावल्या वेळात पक्ष्यांच्या याद्या तपासायला मदत करतो. पाहणीच्या महिन्याबद्दल तुम्ही म्हणताय ते एकट्या तुमच्या गावचं नाही. खाणींच्या अहवालासाठी जी ठरलेली कार्यकक्षा देतात, तिच्यात मूळ माहिती पावसाळा सोडून एका ऋतूची मागतात. हवा-पाण्याच्या नमुन्यांसाठी ते ठीक असेल. सड्यासारख्या जागेचं अख्खं आयुष्यच पावसाळ्यातलं, त्यामुळे नियम पाळूनही ती जागा मेलेलीच दिसते. ही फट भरून काढायला तुमच्यासारख्यांच्या पावसाळी नोंदी हव्यात, आणि त्या सुनावणीच्या आधीपासून सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी हव्यात.

आता कुठे.

पक्षी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. जुनी वही चालते. तारीख आणि जागा माहीत आहे पण किती वेळ फिरलात ते लिहिलेलं नसेल, तर 'हिस्टॉरिकल' हा प्रकार निवडा. पुढच्या रविवारपासून मात्र वेळ लिहा आणि पूर्ण यादी द्या. म्हणजे त्या पंधरा-वीस मिनिटांत ओळखू आलेला प्रत्येक पक्षी, कावळा-साळुंकीसकट. पूर्ण यादीत टिटवी नसेल तर ती खरोखर दिसली नव्हती असं धरता येतं. नुसते खास पक्षी टाकले तर हे कधीच कळत नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल याच याद्यांवर उभा आहे. २०२३ च्या आवृत्तीत ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला आणि १७८ जातींना संवर्धनात वरचा प्राधान्यक्रम दिला. आपला चास, म्हणजे नीलकंठ, त्यांत आहे. तारांवर बसलेला चास सगळ्यांनाच दिसतो, म्हणून तो कमी होतोय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हजारो लोकांच्या साध्या, कंटाळवाण्या याद्या एकत्र केल्या तेव्हा ते दिसलं.

फुलं, पाली, बेडूक, कीटक आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर. फोटो, तारीख, जागा दिली की इतर लोक ओळख पटवतात. आयनॅचरलिस्टवर पुरेशी सहमती झालेली नोंद, तुम्ही तसा परवाना निवडला असेल तर, पुढे जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते. तिथून कुणीही माहिती उतरवून घेतली की त्या उताऱ्याला स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळतो. "प्रकाशित नोंद आहे का?" याचं उत्तर तो क्रमांक.

एक महत्त्वाचं. फोटो व्हॉट्सॲपवरून उतरवलेले घेऊ नका. तिथे फोटो आकसतो आणि त्याच्या पोटातली तारीख-जागा पुसली जाते. मूळ फोटो जुन्या फोनमध्ये किंवा कार्डात असतील तर आधी ते शोधा.

---

गस्तवाला

मी वनरक्षक होतो, आता निवृत्त. वर जे लिहिलंय ते चांगलंच आहे, पण ताईंच्या भीतीला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितोय.

मांडूळ आणि खवल्या मांजर यांच्यापायी काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पकडलेल्या टोळीतल्या एकाच्या फोनमध्ये आमच्याच भागातल्या एका हौशी पोराने टाकलेला फोटो सापडला होता. फोटोत मागे मंदिराचा कळस, खाली वाडीचं नाव आणि "आज नशीब उघडलं!" असं लिहिलेलं. पोरगं निष्पाप होतं, नंतर ढसाढसा रडलं. बीळ रिकामं झालं ते झालंच.

माझं स्पष्ट मत आहे की बीळ, घरटं, ढोली आणि ज्याला बाजारात भाव आहे असा कुठलाही प्राणी, यांची जागा लोकांपुढे टाकायची नाही. वनखात्याला लेखी द्या, तारीख-शिक्क्याची पोच घ्या. आणि फोटोत मागे काय येतंय ते दहादा बघा.

---

आकडेकर

गस्तवाला काका, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो मीच आधी मांडायला हवा होता. याचं गाजलेलं उदाहरण चीनमधलं आहे. १९९९ मध्ये तिथल्या एका गुहेत राहणाऱ्या पालीचं शास्त्रीय वर्णन छापून आलं, जागेसकट. शौकीन लोकांसाठी ती पकडणाऱ्यांनी तो शोधनिबंधच वाटाड्या म्हणून वापरला आणि मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाली. तेव्हापासून अशा प्राण्यांची नेमकी जागा न छापण्याबद्दल शास्त्रज्ञही बोलू लागले.

आयनॅचरलिस्टवर धोक्यात म्हणून नोंदलेल्या बऱ्याच जातींची जागा आपोआप झाकली जाते. साधारण २० किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीत कुठेतरी ठिपका दिसतो, तारखेचा फक्त महिना दिसतो. इतर नोंदींसाठी हे तुम्ही स्वतः निवडू शकता. नेमकी जागा तुमच्या खात्यात शाबूत राहते आणि विश्वासातल्या प्रकल्पचालकांना ती बघू देता येते. ईबर्डवरही संवेदनशील पक्ष्यांची यादी आहे, त्यांची नेमकी जागा सर्वांना दिसत नाही.

फक्त लक्षात घ्या, झाकलेली नोंद सुनावणीत कमी पडते. २० किलोमीटरच्या चौकटीत खाणही येते आणि शेजारचे चार गावही. म्हणून मी असं करेन: दीपकाडी, पाली वगैरे झाकून; सीतेची आसवं, गेंद, टिटवी, बेडूक उघड, अगदी नेमक्या ठिपक्यासह. आणि झाकलेल्यांची खरी यादी छापील स्वरूपात खाणीच्या मंजुरीचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीला.

---

तापीकाठ

चुकीची नोंद काय करते याचं आमच्या खानदेशातलं उदाहरण सांगतो, कारण 'टाकून द्या, नंतर बघू' असं कुणी म्हणू नये.

रान पिंगळा, म्हणजे एक दुर्मिळ छोटं घुबड. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने त्याचं नामकरण केलं. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने सापडला नाही. मधल्या काळातली एकच नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची, कर्नल माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाची. लोक त्या भरवशावर शोधत राहिले. पुढे उघडकीस आलं की ती नोंद बनावट होती. खानदेशात कलेक्टर असलेल्या डेव्हिडसनने जमवलेला नमुना त्याने लंडनच्या संग्रहालयातून लांबवला, नव्याने शिवला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिवसाउजेडी त्यांना पिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

आमचे आजोबा म्हणायचे की डुडा, म्हणजे हाच पिंगळा, तर इथे कायमच होता. आदिवासी पाड्यांवरच्या लोकांना तो ठाऊक असणारच. पण त्यांची नोंद कुठल्या कागदावर नव्हती, आणि कागदावर होती ती खोटी.

म्हणून कातळवेडी, ज्याची खात्री नाही त्यापुढे 'खात्री नाही' असंच लिहा. वरच्या पातळीवर, म्हणजे नुसतं 'पाल' किंवा 'चंडोल' असं ठेवलं तरी चालतं. एक खोटा ठिपका शंभर खऱ्यांवरचा विश्वास घालवतो.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. अशा माहितीने निर्णय बदलतो का, अशी शंका कुणाच्या मनात असेल तर मोलेंचं बघा.

भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यानातून तीन कामं जायची होती: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोक उभे राहिले. मोर्चे, चित्रं, गाणी सगळं झालं. त्याच्याच जोडीला विद्यार्थी आणि संशोधक बसून अहवालांतली प्रजातींची प्रकरणं ओळ न् ओळ तपासत होते, काय सुटलंय ते पुराव्यानिशी लिहून पाठवत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने रेल्वेच्या कामाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून पुन्हा अर्ज करायला वाट ठेवली आहे, त्यामुळे आम्ही निश्चिंत नाही. पण 'सविस्तर अभ्यास' हे शब्द आदेशात आले हे महत्त्वाचं.

त्या दिवसांत मी एकच गोष्ट शिकलो. प्रकल्प जाहीर झाल्यावर नोंदी गोळा करायला लागलो की लोक म्हणतात, विरोधासाठी केलं. प्रकल्पाच्या आधीच्या तारखांच्या नोंदींना तसं म्हणता येत नाही. तुमच्या वहीत २०१८ आहे. ते सोनं आहे.

---

कातळवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. तापीकाठ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

गेले दोन आठवडे हेच केलं. जुन्या फोनचं कार्ड पेटीत सापडलं. मूळ फोटो आहेत, तारखांसह! जागेसाठी पुतण्याला घेऊन सड्यावर गेले, गडगा, तळी, जोडशिळा, एकेका ठिकाणी उभं राहून फोनवरून अक्षांश-रेखांश लिहून घेतले आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचा तक्ता केला. आता वहीतल्या 'वरची तळी'ला आकडा आहे. अचूकता ठिकाणानुसार ३० किंवा १०० मीटर टाकतेय, कारण तळीच्या कुठल्या कडेला होते ते सात वर्षांनी आठवत नाही.

पालीचा फोटो टाकला तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ओळख सुचवली: *हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस*. वाचलं तर कळलं की या पालीचं पहिलं वर्णन १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावच्या नमुन्यावरून झालं आणि ती जगात संकटग्रस्त मानली जाते. एवढीशी पाल, पांढरे आडवे पट्टे, सुट्या दगडाखाली बसलेली असते. मी तिला सात वर्षं 'पट्टेवाली' म्हणत होते. जागा अर्थातच झाकली आहे.

---

शेवाळ

थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. दोन वर्षं पायपीट करून केलेली यादी एका सल्लागार कंपनीच्या अहवालात जशीच्या तशी दिसली, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट. नाव नाही, विचारणा नाही. वर निष्कर्ष काय, तर या सगळ्या प्रजाती 'सर्वत्र आढळणाऱ्या'. आपलं काम आपल्याच जागेविरुद्ध वापरलं गेलं तर काय करायचं? तेव्हापासून मी काहीही टाकलेलं नाही.

---

आकडेकर

शेवाळ, हे वाचून वाईट वाटलं. परवाना निवडताना 'श्रेय द्या' आणि 'व्यापारी वापर नको' असे पर्याय असतात. आयनॅचरलिस्टवर आपण काही बदललं नाही तर हेच दोन्ही लागू होतात. त्याने चोरी थांबत नाही, पण तक्रारीला आधार मिळतो. आणि नोंद तुमच्या नावाने, तुमच्या तारखेने आधीपासून तिथे असेल तर कुणी कुणाचं घेतलं हे दाखवणं सोपं होतं. तुमची यादी तेव्हा ऑनलाइन होती का? नसेल, तर खरं सांगायचं तर न टाकल्यानेच तुमचा हात रिकामा राहिला.

यावरून आठवलं ते सांगतोच, कारण याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नकाशावरची कोरी जागा. ईबर्डचा महाराष्ट्राचा नकाशा बघा. पुणे, मुंबई, ताडोबा गच्च भरलेले. मोठ्या रस्त्यांच्या कडेने ठिपके. आणि मध्ये मोकळे पट्टे. तिथे पक्षी नाहीत असं नाही, तिथे आपण गेलेलो नाही. पण कुणीतरी तोच नकाशा छापून म्हणू शकतं, "बघा, उपलब्ध नोंदींनुसार इथे काही नाही." बर्डलाइफ या पक्षीसंवर्धन संस्थेचं ॲव्हीस्टेप नावाचं साधन आहे. पवनचक्क्या, सौर प्रकल्प, वीजवाहिन्या कुठे नकोत हे ठरवायला ते पक्ष्यांच्या माहितीवरून नकाशा रंगवून दाखवतं, भारतासाठीही. चांगलं साधन आहे. मात्र कुठलंही साधन त्याला पुरवलेल्या माहितीइतकंच बघू शकतं.

माळरानांचंही तेच झालं. सरकारी नकाशात 'पडीक' लिहिलं की ती जमीन कुणालाही देता येते. २०२३ मध्ये संशोधकांनी देशाच्या अर्धशुष्क भागातल्या अशा खुल्या परिसंस्थांचा नकाशा करून सर्वांसाठी ऑनलाइन ठेवला. देशाच्या जवळजवळ १० टक्के जमीन निघाली, आणि तिच्यातली ५ टक्केसुद्धा संरक्षित क्षेत्रात नाही. आता 'पडीक' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला एक नकाशा तरी आहे. सड्यांचा असा नकाशा गावोगावच्या नोंदींतूनच होईल.

---

पंचायतवाली

एक रस्ता सगळे विसरलेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. माधव गाडगीळ सरांनी हा विचार गावोगाव नेला. प्रत्यक्षात, आमच्या पंचायतीची वही मी उघडली तेव्हा तिच्यात आमच्या गावात कधीच नसलेली झाडं होती आणि ओढ्यातले मासे गायब. कुणीतरी दुसऱ्या गावची उतरवली होती. आम्ही ग्रामसभेत विषय घेतला, चार म्हाताऱ्या बायकांना बसवून रानभाज्यांपासून सुरुवात केली आणि ठरावाने नवी पानं जोडली.

कातळवेडीताई, तुमच्या नोंदी ग्रामसभेच्या ठरावासह या वहीत घाला. ऑनलाइन नोंद जगाला दिसते, पण ठरावाची प्रत जिल्ह्यात फेटाळायला जड जाते. हाच कायदा जैवविविधता वारसा स्थळाचीही सोय देतो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची नवी जात सापडली, २०२० मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये ती जागा वारसा स्थळ झाली. जेमतेम २ हेक्टर. दोडामार्गातल्या बांबर्ड्याची जायफळवर्गीय झाडांची राईसुद्धा तशीच, अडीच हेक्टरांच्या आसपास. सडा मोठा असला तरी एखादी तळी आणि तिच्या भोवतीचा कातळ मागता येईल.

आणि हो, पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला, पण लोकांना वाचायला मिळाला तो मे २०१२ मध्ये, माहिती अधिकारातून आणि न्यायालयापर्यंत भांडून. माहिती कुणाच्या कपाटात राहते त्यावर गोष्टी ठरतात. आपली आपण बाहेर काढू या.

---

गस्तवाला

ताई, ग्रामसभेच्या वहीतही पालीची आणि कांद्याची नेमकी जागा लिहू नका. ती वही कोणीही बघायला मागू शकतो. 'सड्यावर' एवढं पुरे. नेमकी जागा लखोट्यात, वनखात्याच्या पोचेसह.

---

शेवाळ

आकडेकर, नव्हती टाकली. तुमचं बरोबर आहे. आज रात्री पहिली पन्नास टाकते. कातळवेडी, दीपकाडीचे फोटो असतील तर दांडा आणि फूल जवळून, पानं वेगळी आणि आजूबाजूचा कातळ दिसेल असा एक, असे तिन्ही टाका. फुलाच्या एकट्या फोटोवरून लोक ओळख पक्की करायला कचरतात.

---

कातळवेडी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मिरग लागला, त्यामुळे वेळच मिळाला नाही.

आजवर ६१२ नोंदी टाकून झाल्या, दोन वह्या अजून बाकी आहेत. ग्रामसभेचा ठराव झाला. मंजुरीच्या तज्ज्ञ समितीकडे लेखी निवेदन पाठवलं: उघड नोंदींची यादी, तारखांसह, आणि वेगळ्या लखोट्यात झाकलेल्यांची. पाहणी जून ते सप्टेंबरमध्ये पुन्हा व्हावी एवढी एकच मागणी केली आहे. उत्तर आलेलं नाही. मंजुरी मिळालीच तर हरित लवादात ३० दिवसांत जावं लागतं हे एका वकीलताईंनी समजावलं, म्हणून दर सोमवारी परिवेश हे पर्यावरण मंजुऱ्यांचं सरकारी पोर्टल उघडून बघते.

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर पुतण्या आणि त्याच्या वर्गातली तीन मुलं माझ्याबरोबर वर आली. मुलांना सांगितलं, दगड उचलायचा तर काठीने, कारण खाली फुरसं असू शकतं, आणि जसा होता तसाच परत ठेवायचा, त्याच कुशीवर. जोडशिळांच्या खाचेत दीपकाडीचे अकरा दांडे मोजले. एका मुलीने वही मागून घेतली आणि स्वतः लिहिलं: तारीख, वेळ सहा वाजून दहा, जागा तक्त्यातला क्रमांक ४, अचूकता १० मीटर. मग विचारलं, "बाई, ही झाकायची ना?"

शेवाळ, तिन्ही फोटो काढलेत. आज रात्री टाकते, ओळख बघून सांगाल का?